बाटलीवरचा ‘नैसर्गिक’ शब्द कोणाच्या तब्येतीसाठी?

गेल्या पावसाळ्यात, पोळा होऊन आठ-दहा दिवस झाले होते तेव्हाची गोष्ट. ओपीडीत एक निवृत्त मुख्याध्यापक आले. वय साठीच्या पुढे, मधुमेह बारा वर्षांचा. सोनोग्राफीत यकृतावर चरबी दिसत होती आणि रक्ताच्या तपासणीत यकृताचे आकडे वाढलेले होते. नेहमीच्या सवयीने विचारलं, “सर, दारू घेता का?” प्रश्न त्यांना आवडला नाही.

“डॉक्टरसाहेब, आयुष्यात दारूला हात लावला नाही. रात्री जेवणाआधी थोडी वाइन घेतो, एवढंच. मुलगा नाशिकहून आणतो. तीही साधी नाही, नैसर्गिक. रसायन नाही, सल्फाइट नाही. हृदयाला चांगली असते म्हणतात.”

“किती घेता?”

“दोन-तीन दिवसांत एक बाटली संपते.”

त्याच दुपारी वॉर्डात एक तिशीतला शेतमजूर दाखल झाला. सकाळपासून कपाशीवर फवारणी करत होता. पाठीवर पंप, अंगात बनियन, तोंडाला रुमाल. दाखल झाला तेव्हा तोंडातून लाळ गळत होती, अंग घामाने भिजलं होतं, छातीत घरघर होती आणि डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकाची ही ओळखीची खूण. ॲट्रोपिनची इंजेक्शनं सुरू केली, रात्रभर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवलं, चौथ्या दिवशी तो घरी गेला. जाताना त्याला सांगितलं, पुन्हा फवारणीला जाऊ नकोस. तो एवढंच म्हणाला, “डाक्टरसाहेब, पोटना सवाल से.”

हे दोन रुग्ण एकमेकांना भेटले नाहीत. पण हल्ली ‘नैसर्गिक’, ‘सेंद्रिय’, ‘बायोडायनॅमिक’ अशी विशेषणं लावलेल्या वाइनचं कौतुक कानावर आलं की मला दोघंही एकदम आठवतात. रसायनमुक्त द्राक्षबागेचा आरोग्याला फायदा आहे, यात मला शंका नाही. प्रश्न इतकाच, की तो फायदा कोणाच्या आरोग्याला? ग्लास हातात धरणाऱ्याच्या, की पंप पाठीवर घेणाऱ्याच्या? आपण तो पहिल्याच्या खात्यावर जमा करतो आहोत. एक डॉक्टर म्हणून माझं म्हणणं आहे, की हिशेब चुकतो आहे.

हे बायोडायनॅमिक म्हणजे काय?

थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. १९२४ च्या जूनमध्ये ऑस्ट्रियन विचारवंत रुडॉल्फ स्टायनर यांनी तेव्हाच्या जर्मनीतल्या आणि आजच्या पोलंडमधल्या कोबरविट्झ या गावी शेतकऱ्यांपुढे आठ व्याख्यानं दिली. रासायनिक खतांनी जमीन निःसत्त्व होते आहे, शेत म्हणजे एक जिवंत देह आहे, गुरं, माती, पीक आणि आकाश यांचं एकत्र नातं आहे, असा त्यांचा विचार होता. त्यातून बायोडायनॅमिक शेती उभी राहिली. १९२८ मध्ये तिच्या मालासाठी ‘डिमीटर’ हे चिन्ह आलं, ते आजही चालतं.

या पद्धतीतलं सर्वांत प्रसिद्ध खत म्हणजे ‘५०० नंबर’. गायीच्या शिंगात ताजं शेण भरायचं, थंडीचे महिने ते जमिनीत पुरून ठेवायचं, मग बाहेर काढून त्यातलं एकरी पंचवीस-तीस ग्रॅम पाण्यात तासभर घुसळायचं आणि शेतावर शिंपडायचं. दुसऱ्या एका मिश्रणात शिंगात गारगोटीची पूड भरतात. पेरणी, छाटणी, तोडणी चंद्र कोणत्या राशीत आहे ते पाहून करतात. फ्रान्समध्ये लुआर नदीच्या काठी निकोला जोली यांनी १९८० च्या दशकात आपली द्राक्षबाग या पद्धतीवर नेली. पुढे बर्गंडीतल्या रोमाने-काँती या जगातल्या अतिशय महागड्या वाइनच्या बागाही तिकडे वळल्या. तेव्हापासून या पद्धतीला प्रतिष्ठा आली.

‘नॅचरल वाइन’ ही तिची चुलत बहीण. बागेत रासायनिक औषध नाही, रसात बाहेरचं यीस्ट घालायचं नाही, द्राक्षाच्या सालीवरचंच यीस्ट आंबवण्याचं काम करतं, गाळणं कमी आणि सल्फाइट नाही किंवा अगदी थोडं. या शब्दाला बहुतेक देशांत कायद्याची पक्की व्याख्या नाही. फ्रान्सने २०२० मध्ये अशा वाइनसाठी एक चिन्ह मान्य केलं. त्यात एक प्रकार सल्फाइट अजिबात न घातलेला आणि दुसरा लिटरमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा कमी असलेला.

आपल्या शेतकऱ्याला यातलं बरंच काही ओळखीचं वाटेल. विदर्भातले सुभाष पाळेकर यांचं जीवामृत आता खान्देशातही पुष्कळ बांधांवरच्या ड्रममध्ये दिसतं. शेण, गोमूत्र, गूळ, डाळीचं पीठ आणि मूठभर माती. पाळेकरांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली, आणि २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारने नैसर्गिक शेतीच्या राष्ट्रीय अभियानाला मंजुरी दिली. म्हणजे युरोपात जी हवा आहे, तीच थोड्या वेगळ्या पोशाखात आपल्याकडेही आहे.

विज्ञान काय म्हणतं? मातीच्या बाबतीत बरंच चांगलं म्हणतं. न्यूझीलंडमधल्या बायोडायनॅमिक शेतांची शेजारच्या रासायनिक शेतांशी केलेली तुलना १९९३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आली. बायोडायनॅमिक शेतांची माती जास्त भुसभुशीत, सेंद्रिय पदार्थ जास्त, गांडुळं जास्त, असं त्यात आढळलं. स्वित्झर्लंडमध्ये १९७८ पासून सुरू असलेल्या प्रयोगात सेंद्रिय पद्धतींचं उत्पादन सुमारे २० टक्के कमी आलं, पण मातीतलं जीवन समृद्ध राहिलं.

मग हा फायदा शिंगाचा की शेणखताचा? कॅलिफोर्नियातल्या एका द्राक्षबागेत याचीच परीक्षा झाली. सगळीकडे सेंद्रिय शेती सारखीच, फक्त काही भागांत बायोडायनॅमिक मिश्रणं जास्तीची. पहिल्या सहा वर्षांत मातीच्या गुणवत्तेत फरक आढळला नाही. चंद्राच्या दिनदर्शिकेचंही तसंच. अमुक दिवशी वाइन चांगली लागते आणि तमुक दिवशी लागत नाही, असं मानणारे पुष्कळ आहेत. न्यूझीलंडमध्ये वाइन व्यवसायातल्या १९ जाणकारांना १२ वाइन दोन्ही प्रकारच्या दिवशी, कोणती वाइन ते न सांगता, चाखायला दिल्या. २०१७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: फरक नाही.

आपला शेतकरी मृग, आर्द्रा ही नक्षत्रं पाहतो, मग तेही खोटं का, असं कोणी विचारेल. नाही. पावसाची नक्षत्रं सूर्यावरून मोजली जातात, म्हणून ती ऋतूचं कॅलेंडर आहेत आणि कामाला येतात. चंद्राच्या राशीवरून वाइनची चव ठरवणं ही वेगळी गोष्ट आहे.

तेव्हा शिंगाचं राहू द्या. रसायन कमी, शेणखत जास्त, मातीकडे लक्ष, एवढं घेतलं तरी ही शेती मोलाची आहे. पण इथपर्यंतची सगळी चर्चा मातीची झाली. पिणाऱ्याच्या शरीराची अजून सुरूच झाली नाही.

ग्लासात काय उतरतं?

मुख्याध्यापक सरांना मी कागदावर हिशेब करून दाखवला. तो वाचकांनीही करून पाहावा. वाइनच्या बाटलीवर साधारण १३ टक्के अल्कोहोल लिहिलेलं असतं. ७५० मिलीचे १३ टक्के म्हणजे साडेसत्त्याण्णव मिली शुद्ध अल्कोहोल. व्हिस्कीची क्वार्टर १८० मिलीची, त्यात ४२.८ टक्के, म्हणजे सुमारे ७७ मिली. सरांच्या जेवणाच्या टेबलावरची एक बाटली क्वार्टरपेक्षा जास्त अल्कोहोल पोटात घेऊन उभी असते. “म्हणजे मी दोन-तीन दिवसांत सव्वा क्वार्टर पितो?” सरांचा चेहरा उतरला. क्वार्टर हा शब्द त्यांच्या घरात कधी आलाच नव्हता.

यकृताला बाटलीचा आकार कळत नाही. त्याच्याकडे एथिल अल्कोहोल येतं, ते त्याचं ॲसिटाल्डिहाइड करतं. हा पदार्थ पेशींच्या डीएनएला इजा करतो. द्राक्ष शिंगातल्या खतावर वाढलं की युरियावर, यीस्ट सालीवरचं होतं की पाकिटातलं, याने त्या रेणूत काडीचा फरक पडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मद्याला १९८८ मध्येच कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात ठेवलं आहे, त्याच गटात तंबाखू आहे. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठं आतडं आणि स्त्रियांमध्ये स्तन, या अवयवांच्या कर्करोगाशी मद्याचा संबंध सिद्ध आहे. २०२३ च्या जानेवारीत जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट सांगितलं, की मद्याचं असं कोणतंही प्रमाण नाही ज्याला निर्धोक म्हणता येईल.

घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. लग्नात एक ग्लास घेतलेल्याला उद्या कॅन्सर होतो असं नाही. धोका मात्रेप्रमाणे वाढत जातो, थोड्याला थोडा, जास्तीला जास्त. आणि आपल्याकडे तंबाखू मळणारे हात कमी नाहीत. तंबाखू आणि मद्य एकत्र आले की तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचा धोका नुसता बेरजेने नाही, त्याहून कितीतरी जास्त वाढतो.

मग ‘हृदयाला चांगली’ हे कुठून आलं? १९९१ मध्ये अमेरिकेतल्या एका गाजलेल्या टीव्ही कार्यक्रमात सांगितलं गेलं, की फ्रेंच लोक लोणी-चीज भरपूर खातात, तरी त्यांना हृदयविकार कमी, कारण ते रेड वाइन पितात. अमेरिकेत रेड वाइनचा खप वाढला आणि जगभर ही समजूत पसरली. पुढे या अभ्यासांतली एक मोठी खोट लक्षात आली. ‘न पिणाऱ्यां’च्या गटात असे अनेक जण होते ज्यांनी आजारपणामुळे पिणं सोडलं होतं. आजारी माणसांशी तुलना केली की थोडी पिणारा धट्टाकट्टा दिसणारच. शिवाय रोज मोजकी वाइन घेणारा माणूस सहसा खाऊन-पिऊन सुखी, शिकलेला, डॉक्टरकडे वेळेवर जाणारा असतो. हा फरक काढून टाकला की वाइनचा फायदा विरघळत जातो. रेड वाइनमधल्या रेस्व्हेराट्रॉलचं नाव घेतलं जातं. ते लिटरमागे काही मिलिग्रॅम असतं, आणि प्रयोगशाळेत प्राण्यांवर परिणाम दिसला तो त्याच्या कितीतरी पट मात्रेत. तेवढं मिळवायचं तर आधी यकृत हात टेकेल. द्राक्षाच्या सालीतले चांगले घटक हवे असतील तर काळी द्राक्षं खावीत, तीही मधुमेह असेल तर बेताने.

उरलं सल्फाइट. हा गंधकाचा संयुग वाइन बिघडू नये म्हणून घालतात, आणि आंबताना थोडा आपोआपही तयार होतो. दमा असलेल्या काही थोड्या लोकांना त्याने खरोखर त्रास होतो, त्यांनी जपायलाच हवं. बाकीच्यांना सल्फाइटची जी भीती घातली जाते ती अवाजवी आहे. पिवळ्याधमक बेदाण्याला गंधकाची धुरी दिलेली असते. आपल्या बहुतेक कारखान्यांची पांढरी साखरही उसाचा रस गंधकाच्या धुराने स्वच्छ करूनच बनते. वर्षानुवर्षं आपण ते खातो. वाइनने डोकं दुखलं की सल्फाइटला दोष दिला जातो, पण पहिला संशय अल्कोहोलवरच घ्यायला हवा. उलट, सल्फाइट नसलं आणि स्वच्छता काटेकोर नसली, तर नको ते जीवाणू वाढून हिस्टामाइनसारखे पदार्थ तयार होऊ शकतात. त्यानेही डोकं दुखतं, अंग लाल होतं. ‘काही घातलेलं नाही’ याचा अर्थ ‘काही झालेलं नाही’ असा होत नाही.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक, ही समजूत खान्देशात तरी टिकायला नको. सातपुड्याच्या पाड्यांवर घरच्यासाठी काढलेली, नवसागर न घातलेली मोहाची दारू पाहा. फूल जंगलातलं, खत नाही, फवारणी नाही, बाहेरचं यीस्ट नाही, सल्फाइट नाही. नैसर्गिकपणाच्या परीक्षेत ती फ्रान्सच्या वाइनपेक्षा वरचे गुण घेईल. तिला कोणी हृदयाचं टॉनिक म्हणत नाही. उलट तिची भट्टी फोडायला पोलीस जातात. निसर्गाने दिलेलं धोत्रा आणि कण्हेरही आमच्या अपघात विभागात वर्षातून अनेकदा रुग्ण पाठवतात. मोहाला एक न्याय आणि द्राक्षाला दुसरा, हा फरक औषधशास्त्राचा नाही. कोण पितं आणि कुठे बसून पितं, त्यावरून तो ठरतो.

खरा फायदा बांधावर आहे

आता त्या शेतमजुराकडे येऊ. कारण ‘कमी रसायन’ या गोष्टीचं खरं मोल तिथे आहे.

द्राक्ष हे फवारणीचं पीक आहे. डाउनी, भुरी, करपा अशा बुरशीच्या रोगांनी बागाईतदार हैराण असतो. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर अवकाळी पाऊस आला, की नाशिक जिल्ह्यातल्या बागांत रात्री-बेरात्री ब्लोअर फिरतात. फ्रान्समध्येही हेच आहे. तिथल्या शेतजमिनीच्या तीन-चार टक्के भागावर द्राक्षबागा आहेत, पण देशातल्या कीडनाशकांचा सुमारे वीस टक्के वाटा त्या घेतात, असं सांगितलं जातं. तिथे नैसर्गिक वाइनच्या चळवळीला जोर येण्यामागे चव आणि फॅशन आहेच, पण बागाईतदारांची स्वतःची आजारपणंही आहेत. फ्रान्सने २०१२ मध्ये कीडनाशकं हाताळणाऱ्या शेतकऱ्यांचा पार्किन्सन हा आजार व्यवसायजन्य म्हणून मान्य केला. पुढे काही प्रकारचे रक्ताचे कर्करोगही त्या यादीत आले. म्हणजे फवारणाऱ्याला हे आजार झाले, तर त्याला भरपाईचा हक्क मिळतो.

आपल्याकडे काय आहे? २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयांत दाखल झाले. त्या वर्षी कपाशी डोक्याच्या वर वाढली होती. फवारा तोंडावर येत होता, हवा दमट होती, दोन-तीन औषधं एकत्र कालवून मारली जात होती. बातम्या झाल्या, चौकशी झाली, मग विषय मागे पडला. पण विषबाधा मागे पडली नाही. जळगाव-धुळ्याच्या कोणत्याही सरकारी रुग्णालयात जुलै ते ऑक्टोबर या काळात जा, कपाशीच्या फवारणीचा एखादा तरी रुग्ण खाटेवर दिसेल. केळीच्या करप्यावर फवारणारेही येतात: डोळे चुरचुरतात, कातडीला चट्टे, डोकं जड. हे दिसणारे रुग्ण. रोज थोडं थोडं विष अंगात घेऊन वीस वर्षांनी हात थरथरू लागलेला माणूस आमच्याकडे येतो, तेव्हा त्याच्या केसपेपरवर ‘फवारणी’ हा शब्द कोणी लिहीत नाही. मीही अनेकदा लिहिलेला नाही, हे कबूल करतो.

खाणाऱ्या-पिणाऱ्यापर्यंत पोहोचणारा अंश आणि फवारणाऱ्याच्या अंगावर पडणारी मात्रा यांची तुलनाच होऊ शकत नाही. घोट घेणाऱ्याकडे अंश मिलिग्रॅमच्याही खाली येतो, फवारणाऱ्याचा सदरा ओला होतो. शिवाय पिणाऱ्याची काळजी घ्यायला बाजार आहे. २०१० मध्ये भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाचा अंश सापडला आणि युरोपने कंटेनर नाकारले. बागाईतदारांचं मोठं नुकसान झालं, पण त्यानंतर अंश-तपासणी कडक झाली. आज निर्यातीच्या द्राक्षाचा नमुना प्रयोगशाळेत जातो, त्याचा अहवाल येतो. द्राक्षाचं रक्त तपासलं जातं म्हणा ना. द्राक्षावर फवारणाऱ्याचं रक्त कोण तपासतं?

ते तपासता येतं, आणि ही चाचणी नवी नाही. ऑर्गॅनोफॉस्फेट शरीरात गेलं की रक्तातलं कोलिनेस्टरेज हे एंझाइम कमी होतं. हंगामाआधी एकदा आणि हंगामात अधूनमधून ते मोजलं, तर माणूस कोसळण्याआधी त्याला फवारणीपासून बाजूला करता येतं. कॅलिफोर्निया या वाइनच्याच राज्यात अशी औषधं नियमित हाताळणाऱ्या कामगारांसाठी ही देखरेख १९७४ पासून कायद्याने आहे. आपल्याकडे ही तपासणी बहुधा माणूस अपघात विभागात आल्यावरच होते.

इथे आणखी एक इशारा. सेंद्रिय आणि बायोडायनॅमिक बागांतही फवारणी असते. गंधक चालतं आणि बोर्डो मिश्रणही चालतं. मोरचूद आणि चुना यांचं हे मिश्रण १८८५ च्या सुमारास बोर्डोमध्येच द्राक्षासाठी पुढे आलं. ते ‘नैसर्गिक’ यादीत बसतं, पण मोरचूद फुप्फुसाला नैसर्गिक वाटत नाही. पोर्तुगालमध्ये वर्षानुवर्षं बोर्डो फवारणाऱ्या मजुरांच्या फुप्फुसांत गाठी आणि व्रण सापडले. १९६९ मध्ये त्या आजाराला ‘द्राक्षबागेत फवारणाऱ्याचं फुप्फुस’ असंच नाव पडलं. युरोपने तांब्याच्या वापरावर सात वर्षांत हेक्टरी २८ किलोची मर्यादा घातली आहे, ती मुख्यतः मातीत साचणाऱ्या तांब्यासाठी. म्हणून सेंद्रिय बागेतल्या माणसालाही मास्क आणि हातमोजे हवेत. गायीच्या शिंगाने ते काम होत नाही.

नाशिकची वाट आणि आपण

हे सगळं खान्देशात बसून का लिहायचं? कारण नाशिक आपल्या शेजारी आहे आणि तिथली हवा इकडे येते. राज्य सरकारने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं. त्याच सुमारास नाशिकजवळ वाइनरी उभ्या राहू लागल्या. २०१० मध्ये ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकन मिळालं. आज शनिवार-रविवारी जळगाव-धुळ्याच्या गाड्या वाइनरीच्या दारात उभ्या दिसतात. वाढदिवसाला बाटली भेट देणं सुशिक्षित घरांत रुळतं आहे. उद्या केळीची ‘नैसर्गिक’ वाइन निघाली, तर रावेर-यावलच्या शेतकऱ्याला चार पैसे मिळतील म्हणून तिचं स्वागतही होईल.

शेतकऱ्याला पैसे मिळावेत, याला माझा विरोध नाही. वाइनचं द्राक्ष टपोरं दिसावं लागत नाही, म्हणून त्याला खाण्याच्या द्राक्षासारखं जिबरेलिक ॲसिडमध्ये बुडवण्याची गरज नसते. त्यामुळे रसायन कमी करण्याची जास्त मुभा या पिकात आहे. कोणी बागाईतदार ते खरोखर करत असेल, तर त्याचा मान राखला पाहिजे. पण २०२२ च्या जानेवारीत सुपरमार्केटमध्ये वाइन विकण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ हे वाक्य किती सहज बोललं गेलं ते आठवा. लोकांच्या विरोधाने तो निर्णय अडला, पण ते वाक्य मनात राहून गेलं. आता त्याला ‘नैसर्गिक’ हे विशेषण मिळालं आहे. शेतकऱ्याच्या नावाने वाक्य चालतं, आणि सरांसारखा सरळ माणूस त्यावर विश्वास ठेवून मधुमेहाच्या गोळ्यांवर रोज रात्री ग्लास घेतो. ज्या बायांनी गावोगाव मतदानाने बाटली आडवी केली, त्यांनी आत द्राक्ष आहे की काळा गूळ, हे विचारलं नव्हतं. त्यांना परिणाम माहीत होता.

म्हणून काही गोष्टी सुचवतो.

वाचकांसाठी पहिली. जे पीत नाहीत त्यांनी तब्येतीसाठी म्हणून वाइन सुरू करू नये. कोणताही डॉक्टर हे औषध म्हणून लिहून देणार नाही, आणि देत असेल तर दुसऱ्या डॉक्टरकडे जावं. जे घेतात त्यांनी बाटलीवरची विशेषणं सोडून टक्केवारी वाचावी आणि वरचा हिशेब करावा. यकृतावर चरबी असेल, मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, झोपेच्या गोळ्या घेत असाल, गर्भारपण असेल, तर ‘नैसर्गिक’सुद्धा नको. इन्सुलिन आणि काही गोळ्यांवर असताना उपाशीपोटी मद्य घेतलं तर साखर धोकादायक इतकी खाली येऊ शकते, आणि घरच्यांना वाटतं की चढली आहे.

दुसरी, विकणाऱ्यांसाठी. अन्नसुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनुसार मद्याच्या बाटलीवर आरोग्याचा दावा करता येत नाही, आणि मद्य आरोग्यास हानिकारक असल्याचा इशारा बंधनकारक आहे. लेबलवर जे चालत नाही ते काउंटरवर आणि मोबाइलवर तोंडी सांगणंही थांबावं. ‘आमच्या बागेत विष मारत नाही’ हे खरं असेल तर अभिमानाने सांगा. त्याला जोडून ‘म्हणून तुमच्या हृदयाला चांगलं’ हे म्हणू नका. पहिलं वाक्य शेतीचं आहे, दुसरं खोटं आहे.

तिसरी, सरकारसाठी, म्हणजे माझ्यासारख्या सरकारी नोकरांसाठीही. कापूस, केळी, द्राक्ष या पट्ट्यांतल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत फवारणीच्या हंगामाआधी कोलिनेस्टरेजची तपासणी मोफत व्हावी. नियमित फवारणाऱ्यांची नोंद ग्रामपंचायतीत असावी. मास्क, हातमोजे, चष्मा हे साहित्य औषधाच्या बाटलीबरोबरच मिळावं, आणि आपल्या उन्हात घालता येईल असं असावं. प्लास्टिकचा कोट घालून भाद्रपदाच्या उकाड्यात कोणी फवारणी करत नाही, हे ठरवणाऱ्यांनी एकदा घालून पाहावं. आणि आम्ही डॉक्टरांनी केसपेपरवर ‘व्यवसाय: शेती’ लिहून न थांबता पुढे विचारावं: फवारता का, काय फवारता, किती वर्षं?

सेंद्रिय, नैसर्गिक, बायोडायनॅमिक, नाव कोणतंही असो, शेतातलं विष कमी होत असेल तर ते चांगलंच आहे. ज्याच्या पाठीवर पंप आहे त्याच्यासाठी ते चांगलं आहे, त्याच्या बांधावर जेवणाऱ्या मुलांसाठी आणि विहिरीच्या पाण्यासाठी चांगलं आहे. एखादी वाइनरी नैसर्गिक असल्याचं सांगते, तेव्हा द्राक्षाच्या जातीबरोबर आणखी एक प्रश्न तिला विचारा: तुमच्या बागेत फवारणी करणाऱ्या माणसाची शेवटची तपासणी कधी झाली?

मुख्याध्यापक सर तीन महिन्यांनी पुन्हा आले. वाइन बंद केली होती, वजन चार किलो उतरलं होतं, यकृताचे आकडे खाली आले होते. तो शेतमजूर तपासणीला आला नाही. कपाशीची शेवटची फवारणी तेव्हा अजून बाकी होती.